हात ऐकू येतात

माझ्या मावशीला मोदकाच्या कळ्या शब्दांत सांगता येत नाहीत. तिची नात बंगळुरूला असते. गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तिचा हमखास फोन येतो, "आजी, माझी पारी दरवर्षी फाटते गं, नीट सांग ना." मावशी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबून धरते आणि सांगू लागते, "उकड गरम असतानाच मळ, तेलपाण्याचा हात घेत जा, लिंबाएवढा गोळा घे आणि मग असं करत जायचं." त्या 'असं'पाशी तिचे दोन्ही हात उठतात. डावा तळवा खोलगट होतो, उजवा अंगठा आत आणि बोटं बाहेर अशी नसलेल्या पारीची कड दाबत गोल फिरू लागतात. कड पातळ होत जाते, बूड जाड राहतं, हे त्या बोटांच्या दाबावरून दिसतं. मग चिमटी येते. अंगठा आणि तर्जनी कडेची बारीक घडी पकडून खालून वर ओढतात, मधलं बोट मागून आधार देतं, डावा हात पारी तेवढीच पुढे सरकवतो आणि पुन्हा चिमटी. पलीकडून प्रश्न येतो, "असं म्हणजे कसं?"

मी शेजारी नारळ खवत बसलेली असते. आम्हा दोघींच्या कानांवर पडलेले शब्द अगदी तेच असतात. नातीपर्यंत निम्मं पोचतं, माझ्यापर्यंत सगळं. यात नवल वाटायला हवं ते पुढच्या गोष्टीचं. मावशीनं काय सांगितलं, असं मला कुणी विचारलं, तर मी बेधडक सांगेन, "ती म्हणाली, कळी खालून वर ओढायची." 'खालून वर' हे शब्द तिनं उच्चारलेलेच नाहीत. ते फक्त तिच्या चिमटीत होते. माझ्या आठवणीत मात्र ते तिच्या आवाजात आहेत. डोळ्यांनी घेतलेलं कानांच्या खात्यावर जमा झालं आणि मला पत्ताही लागला नाही.

या बिनबोभाट जमाखर्चानं मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे.

बोलता बोलता हलणाऱ्या हातांविषयी मी म्हणते आहे, नमस्कार किंवा अंगठा दाखवणं यांविषयी नाही. त्यांचे अर्थ ठरलेले असतात. नाट्यशास्त्रात एका हाताच्या चोवीस आणि दोन्ही हातांच्या तेरा मुद्रा सांगितल्या आहेत. त्या शिकाव्या लागतात, त्यांना नावं आहेत, आणि नर्तकीनं पताक हस्त दाखवला की जाणकार तो ओळखतात. मावशीच्या चिमटीला नाव नाही. ती त्या वाक्यासाठी जन्मली आणि वाक्याबरोबर संपली. कधी हात आकार दाखवतो, कधी वेग, कधी नुसताच बोलण्याचा ठेका धरतो. कधी तर तो जागा वाटून देतो. जुन्या गोष्टी सांगताना मावशी गेलेल्या काकांना आपल्या डाव्या बाजूला हवेत कुठेतरी बसवते. नंतर बराच वेळ दुसरंच काही चाललेलं असतं, आणि मध्येच "ते काही बोलले नाहीत" म्हणताना तिचा हात पुन्हा नेमका तिकडेच वळतो. 'ते' म्हणजे कोण, हे समोरच्या कुणालाही विचारावं लागत नाही.

शिकागो विद्यापीठातल्या डेव्हिड मॅकनील यांनी अशा हातांकडे आयुष्यभर बघितलं. त्यांची पद्धत साधी होती. सिल्व्हेस्टर बोका आणि ट्वीटी पक्षी यांचं 'कॅनरी रो' हा 1950 सालचा व्यंगचित्रपट माणसांना दाखवायचा, आणि ज्यानं तो पाहिलेला नाही अशा दुसऱ्याला त्याची गोष्ट सांगायला लावायची. सांगणाऱ्याचं चित्रीकरण करायचं, मग ते सावकाश, पुन्हा पुन्हा बघायचं. बोका पन्हाळीच्या नळातून वर चढतो, पक्षी वरून त्यात एक जड गोळा सोडतो, आणि हे सांगताना माणसांचे हात वर चढतात, खाली आदळतात, गोल होतात. 1992 साली आलेल्या 'हँड अँड माइंड' या पुस्तकात मॅकनील यांनी म्हणणं मांडलं की हात आणि वाणी हे एकाच विचाराचे दोन आविष्कार आहेत. शब्द आधी तयार होऊन हात त्याला मागाहून सजवतो, असं घडत नाही.

हे झालं बोलणाऱ्याचं. पण ऐकणाऱ्याचं काय? मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे एक वेगळा प्रयोग केला. गोष्ट सांगणाऱ्याला त्यांनी मुद्दाम काही ठिकाणी शब्दांशी न जुळणारे हावभाव करायला सांगितले. ऐकणाऱ्यांनी ती गोष्ट जेव्हा आपल्या शब्दांत पुन्हा सांगितली, तेव्हा केवळ हातानं सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या तोंडी शब्द होऊन आल्या. जिथे हात आणि शब्द यांचा मेळ बसत नव्हता, तिथे काहींनी मधला दुवा आपल्या मनानं जोडून गोष्ट सुसंगत करून टाकली. माझ्या 'खालून वर'ची गोष्ट तीच. आपण एकटेच असं करतो असं वाटत होतं, ते साऱ्यांचंच निघालं, याचा मला फार आनंद झाला होता.

तरी एक शंका उरतेच. आठवणीत सगळं मिसळून जातं, हे खरं. आठवण म्हणजे मिसळणंच. पण मिसळ होते कधी? कान आधी शब्दाचा अर्थ लावून मोकळा होतो आणि हाताची तळटीप त्याला सावकाश जोडली जाते, की दोन्ही एकाच वेळी आत येतात? याचं उत्तर विचारून मिळत नाही. माणसाला स्वतःलाच ते ठाऊक नसतं. त्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदांत, मेंदूकडे बघावं लागतं.

ते बघण्याची एक खिडकी 1980 साली उघडली. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलियार्ड या दोघांनी लोकांच्या डोक्यावर विद्युतअग्रं लावून त्यांना पडद्यावर एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट विचित्र होता. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर, 'तिनं गरम पोळीवर मोजे वाढले.' 'मोजे'पाशी मेंदू अडखळतो, आणि ते अडखळणं आलेखावर दिसतं. शब्द आल्यापासून सुमारे 400 मिलिसेकंदांनी एक ऋण लाट उठते. तिला एन-400 म्हणतात. व्याकरण चुकलं म्हणून किंवा अक्षरं मोठी झाली म्हणून ही लाट अशी उठत नाही; आधीच्या अर्थात नवा अर्थ बसवताना जितके जास्त कष्ट पडतील, तितकी ती मोठी. अर्थ लावण्याचे कष्ट असे कागदावर उमटलेले बघता येतात, ही मला विज्ञानातली एक अत्यंत कोमल गोष्ट वाटते.

नेदरलँड्समधलं नाइमेगेन हे वाल नदीकाठचं जुनं शहर. तिथे माक्स प्लांक मनोभाषाशास्त्र संस्था आहे. तिथल्या अस्ली ओझ्युरेक या मूळच्या तुर्कस्तानच्या. त्यांनी आणि रूल विलेम्स, सोतारो किता, पीटर हागोर्ट यांनी हीच लाट हातांसाठी वापरायचं ठरवलं. त्यांचा प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. ऐकणारा डच वाक्यं ऐकतो आणि पडद्यावर हात बघतो. वाक्यात कुणीतरी छपरावर घसरून गडगडत खाली येतो. एका वेळी शब्द आणि हात दोन्ही गडगडतात. दुसऱ्या वेळी हात गडगडतो, पण शब्द 'चालत गेला' असा, आधीच्या वाक्याशी विसंगत. तिसऱ्या वेळी शब्द बरोबर, पण हाताची दोन बोटं शांतपणे चालत निघून जातात. चौथ्या वेळी दोन्ही भलतेच.

कल्पना करा, तिसऱ्या वाक्यात कानाला तक्रार करायला काहीच जागा नाही. वाक्य शुद्ध आहे, अर्थ सरळ आहे. चुकली आहेत ती फक्त दोन बोटं. आणि तरीही एन-400 उठली. शब्द चुकल्यावर जेव्हा उठत होती, तेव्हाच. आणि जशी उठत होती, तशीच. मेंदूनं शब्दाला अगोदर आणि हाताला नंतर, असा पंक्तिभेद केला नाही. डोळ्यांतून आलेला अर्थ आणि कानांतून आलेला अर्थ त्यानं एकाच घटकेला, आधीच्या एकाच वाक्यात बसवून पाहिला. पिठात पाणी पडलं की मग उकडीतून पाणी वेगळं काढता येत नाही, तसं मला माझं ऐकणं वाटू लागलं.

त्याच गटानं त्याच वर्षी दुसऱ्या यंत्रानं हेही पाहिलं की या जुळवाजुळवीच्या वेळी मेंदूत कुठे रक्तप्रवाह वाढतो. डाव्या कपाळामागच्या खालच्या वळीत, ब्रोकाच्या भागाच्या परिसरात. पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी 1861 साली 'टॅन' एवढंच उच्चारू शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला आणि तिथली इजा दाखवली, तेव्हापासून हा प्रदेश वाचेचा म्हणून ओळखला जातो. तिथेच हाताचाही अर्थ शब्दाच्या अर्थाशी जोडून पाहिला जातो. वाचेच्या घरात हात पाहुणा नाही. कानाच्या मागे, शंखखंडाच्या वरच्या खाचेत आणखी एक जागा या कामात सापडते, पण तिचा नेमका वाटा कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून त्यात शिरत नाही.

लाइपझिगच्या हेनिंग होले आणि थॉमस गुंटर यांनी त्याच वर्षी दुसरीकडून गाठ सोडवली. जर्मन भाषेत 'बाल' म्हणजे खेळण्याचा चेंडू आणि नाचाचा समारंभही. वाक्य 'बाल'पाशी आलं की दोन्ही वाटा उघड्या. बोलणाऱ्या स्त्रीचा हात त्या क्षणी चेंडू फेकल्यासारखा हलतो किंवा नाचल्यासारखा, आणि पुढे काही शब्दांनी जेव्हा खरा अर्थ उघड होतो, तेव्हा मेंदूनं आपली वाट आधीच निवडलेली असते. हातानं जी सुचवली ती. दिशा चुकीची निघाली तर लाट मोठी होते.

मात्र या भेटीला वेळेचं बंधन आहे. हाताची मुख्य हालचाल आणि शब्द एकदम आले, किंवा शब्द 160 मिलिसेकंद मागे राहिला, तर दोघांची सांगड बसते. 360 मिलिसेकंद मागे राहिला तर बसत नाही, असं 2011 साली नाइमेगेनच्याच गटाला दिसलं. हात तोवर आपला अर्थ सांगून एकटा निघून गेलेला असतो. व्हिडिओ कॉलवर चित्र आणि आवाज मागेपुढे झाले की जो एक न सांगता येणारा थकवा येतो, त्याचं थोडं तरी मूळ मला इथे दिसतं. सगळं ऐकू येत असतं, सगळं दिसत असतं, आणि तरी माणूस हाताशी लागत नाही.

आकार दाखवणाऱ्या हातांचं हे झालं. नुसता ठेका धरणारा हात तर निरर्थक मानला जातो. हान्स रुटगर बोस्कर आणि डेव्हिड पेटर्स यांनी 2021 साली त्यालाही न्याय दिला. ध्वनी तोच ठेवला, फक्त हात कधी पहिल्या अक्षरावर खाली पडतो, कधी दुसऱ्यावर. हात पडला त्या अक्षरावर जोर ऐकण्याकडे ऐकणाऱ्यांचा कल दिसला. एवढंच नव्हे, तर स्वर ऱ्हस्व होता की दीर्घ, हेही हातानं काही अंशी ठरवलं. ओठ वेगळे हलताना दिसले तर 'बा'चा 'दा' ऐकू येतो, हे मॅगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी 1976 मध्येच दाखवलं होतं. पण ओठ आवाज घडवतात, हात तर आवाज घडवत नाही. तरी तो ऐकण्यात शिरतो, थेट अक्षरापर्यंत.

हे वाचलं तेव्हा मला पंडित भीमसेन जोशींचं गाणं आठवलं. सवाई गंधर्व महोत्सवात त्यांना समोर बसून ऐकलेल्या पिढीतली मी. तान सुटण्याआधी त्यांचा हात वर जाई, बोटं हवेतलं काहीतरी घट्ट पकडत, आणि समेवर ते सोडून देत. त्यांचं ध्वनिमुद्रण आज घरी लावलं तरी माझ्या कानांना ती सम थोडी पुढे झुकून, वजन टाकून आल्यासारखी वाटते. ते वजन आवाजातच आहे की पूर्वी पाहिलेल्या हातानं माझ्या कानांत ठेवलेलं आहे, हे मला वेगळं करता येत नाही, आणि करावंसंही वाटत नाही. हिंदुस्थानी गायकांच्या हातांवर मॅट राहाइम यांनी 2012 मध्ये 'म्युझिकिंग बॉडीज' हे पुस्तक लिहिलं आहे. गायकाचा हात स्वरांच्या वाटा हवेत रेखतो, आणि गुरूच्या हाताची ठेवण शिष्यात न शिकवता उतरते, हे त्यांनी बारकाईनं मांडलं आहे. तालमीत बसलेल्या कुणालाही ते पटेल. मींड कशी घ्यायची, हे गुरुजी गाऊन सांगतात तितकंच हात ओढून सांगतात.

आणि तरी, शाळेत वक्तृत्व स्पर्धेची तयारी करून घेताना मुलांना आजही बजावलं जातं, उगाच हात हलवू नकोस. किंवा उलट, 'शिवराय' म्हटलं की उजवा हात वर, 'माता' म्हटलं की छातीवर, असे हात पाठ करून घेतले जातात. दोन्ही प्रकारांत मुलाचा स्वतःचा हात मरतो. वाक्याबरोबर उगवणारा हात वेगळा असतो. जाना आयव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांनी 1998 साली जन्मांध मुलामुलींना बोलतं केलं. त्यांनी आयुष्यात कुणाचाही हात हलताना पाहिला नव्हता. ती बोलताना हात हलवत होती. समोरचाही अंध आहे हे ठाऊक असतानाही हलवत होती. इतकं हे आतून येतं. ते बंद कर म्हणून मुलाला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या वडिलांना, अप्पांना, शेवटच्या काही वर्षांत कमी ऐकू येई. श्रवणयंत्र होतं, पण घरात पाच माणसं जमली, पंखा आणि टीव्ही चालू असला की त्यांच्यापर्यंत नुसता गलका पोचे. आम्ही ओरडायचो. स्वयंपाकघरातून, पाठमोरे, हातात भांडी धरून ओरडायचो. ते "हो हो" म्हणायचे आणि त्यांचा चेहरा विझलेला राही. मावशी आली की चित्र पालटे. ती त्यांच्यासमोर पाटावर बसे, आवाज मुळीच न चढवता बोले, आणि तिचे हात चालू असत. "बस अशी वळली," हाताचं वळण. "आणि ही एवढी गर्दी," दोन्ही तळवे एकमेकांवर दाबलेले. अप्पा हसत. मध्येच प्रश्न विचारत, आणि तो प्रश्न अगदी बरोबर जागी लागे. आम्हाला वाटे, मावशीचा आवाज त्यांना मानवतो.

लिंडा ड्राइव्हर्स आणि ओझ्युरेक यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेलं काम मी वाचलं ते अप्पा गेल्यावर. त्यांनी क्रियापदांचा आवाज मुद्दाम खराब केला, विरवून टाकला, आणि ऐकणाऱ्यांना कधी काहीच दाखवलं नाही, कधी नुसते ओठ दाखवले, कधी ओठ आणि हात दोन्ही. ओठांनी मदत झाली. हात आले की त्याहून खूप जास्त झाली. दोन्ही मिळून सर्वांत मोठी मदत कधी, तर आवाज पुरता गेलेला नसताना, अर्धामुर्धा शिल्लक असताना. पुढच्या वर्षी त्यांनी मेंदूचे चुंबकीय आलेखही काढले. विरलेल्या शब्दाला हाताची साथ मिळाली, तेव्हा भाषेच्या डाव्या बाजूच्या जाळ्यात तर बदल दिसलाच, पण ऐकणाऱ्याच्या मेंदूत स्वतःचा हात हलवणारा जो भाग असतो, त्याच्याही लयीत बदल दिसला. मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसलेला माणूस ऐकताना समोरच्याच्या हातात आपला हात घालून बघत असावा, असं मी समजते.

यातला एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांची मातृभाषा डच नव्हती, शिकलेली होती, त्यांना अशा विरलेल्या आवाजात हातांचा फायदा मातृभाषकांपेक्षा कमी झाला. आपला समज नेमका उलट असतो. भाषा येत नसेल तर हातवाऱ्यांनी भागतं, असं आपण म्हणतो. बाजारात भाव विचारण्यापुरतं ते भागतही असेल. पण इथे दिसतं ते असं की हाताला टेकायला शब्दाचा थोडा तरी कण लागतो. 'गर्दी'तला 'ग' आणि 'र्द' अप्पांच्या कानात कुठेतरी खुटखुटत होते, आणि मावशीचे दाबलेले तळवे त्यांना येऊन भेटले. नुसत्या तळव्यांतून ते उमगलं नसतं. नुसत्या आवाजातून तर आम्ही रोजच उमगवून देऊ पाहत होतो.

2020 साली तोंडावर मुखपट्ट्या आल्या आणि ओठ गेले, तेव्हा निदान हात उरले होते. फोनच्या चौकटीनं मात्र हातच कापून टाकले आहेत. एका हातात फोन धरलेला, दुसरा हात चित्राच्या बाहेर, आणि पडद्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंतचा माणूस. गेल्या वर्षी मी मावशीचा फोन डब्याला टेकवून ठेवला, मागे सरकवला, तिचे हात आणि तोंड दोन्ही चौकटीत आणले. नातीनं तिकडे उकडीचा गोळा हातात घेतला होता. तिच्या मोदकाला कळ्या कमी पडल्या, पण पारी फाटली नाही.

तुमच्या घरी कमी ऐकू येणारं कुणी असेल, तर एवढं करा. टीव्ही बंद करा. हातातलं भांडं, फोन, पिशवी खाली ठेवा. त्यांच्या समोर, उजेड तुमच्या अंगावर पडेल असे बसा, ओरडू नका, आणि तुमचे हात जसे हलायचे तसे हलू द्या. हे मला अप्पा असताना कुणी सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगते आहे.